तापीकाठची नोंदवही: गावाभोवतीच्या फेरीतून ऋतू कसा टिपावा

कोकणातल्या किनाऱ्यावरचा माणूस सकाळी फिरायला निघतो तेव्हा भरती-ओहोटीची वेळ त्याला तोंडपाठ असते, कारण दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा उतरणारे पाणीच त्याची वाट मोकळी करते किंवा अडवते. खानदेशाला समुद्र नाही. मात्र तापीच्या काठी वाढलेल्या कोणालाही विचारावे, या नदीलाही भरती येते; फक्त ती वर्षातून एकदाच येते. मृगाच्या मागेपुढे पाणी गढूळ होऊ लागते, श्रावण-भाद्रपदात ते काठाला लागते आणि दसऱ्यानंतर जी ओहोटी सुरू होते ती थेट वैशाखापर्यंत चालते. मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळणारी ही नदी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जाते, आणि तिच्या काठच्या गावात पाखरे, झाडे, किडे आणि पिके यांचे वेळापत्रक या एकाच लांबलचक भरती-ओहोटीला बांधलेले असते.

हे वेळापत्रक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहून कसे ठेवावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे. चोपडा तालुक्याच्या दक्षिण कडेच्या, तापीच्या उजव्या काठावरच्या एका गावाभोवती केलेल्या फेऱ्यांचा त्याला आधार आहे. गिरणा, पांझरा, अनेर किंवा गोमाईच्या काठी राहणाऱ्याला थोडा फेरफार करून तीच पद्धत वापरता येईल. वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, महाग दुर्बीणही लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी उठण्याची तयारी एवढे पुरते, आणि त्यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे.

आधी वाट ठरवावी

नवखा माणूस पहिल्या उत्साहात रोज वेगळ्या वाटेने जातो आणि जिथे काही नवे दिसेल तिथे थांबतो. त्यात मजा असते, परंतु वर्षाअखेरीस हाती काही लागत नाही, कारण गेल्या महिन्यात चक्रवाक दिसले नाहीत ते आले नव्हते म्हणून की आपणच त्या बाजूला गेलो नव्हतो म्हणून, हे सांगता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सुमारे दोन किलोमीटरची एकच वाट निवडावी, तीत थांबण्याच्या सात-आठ जागा ठरवाव्या आणि वर्षभर त्याच क्रमाने चालावे. वाट निवडताना शक्य तितक्या वेगळ्या जमिनी तिच्यात याव्यात असे पाहावे: गावाची पांढर, काळ्या मातीची दोन-तीन वावरे आणि त्यांचे बांध, एखादी केळीची बाग, काठाची घळ, वाळूचा पट्टा आणि शेवटी पाणी. थांब्यांना गावातलीच नावे द्यावीत. ‘थांबा क्रमांक चार’पेक्षा ‘मरीमायचा निंब’ हे नाव दहा वर्षांनंतरही दुसऱ्याला सापडते.

दिशेचाही विचार करावा. तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे सकाळी प्रवाहाच्या दिशेने चालले की सूर्य पाठीशी राहतो आणि समोरच्या पाखरांचे रंग उघड दिसतात. हीच वाट सायंकाळी चालल्यास ऊन डोळ्यांत येते आणि पाण्यावरचे सगळे बगळे काळे होऊन जातात. काठाचा उल्लेख करताना प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उजवा आणि डावा असे लिहावे, म्हणजे सातपुड्याकडचा काठ उजवा आणि अमळनेर-धरणगावाकडचा डावा, हे पुढे कोणालाही सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. सारंगखेडा आणि प्रकाशा येथे तापीवर बंधारे आहेत, आणि पावसाळा संपताना त्यांचे दरवाजे बंद झाले की वरच्या अंगाच्या गावांना नदी तळ्यासारखी भरलेली दिसते, तर बंधाऱ्याखालच्या गावाला उघडे खडक आणि पातळ धार दिसते. आपले गाव यांपैकी कोणत्या बाजूला आहे ते कळल्याशिवाय दोन गावांच्या नोंदींची तुलना करू नये. साठलेल्या पाण्यावर बदके आणि चांदवे उतरतील, उथळ धारेत शेकाटे आणि तुतवार उतरतील, आणि दोन्ही नोंदी खऱ्याच असतील.

पाण्याची खूण

प्रत्येक फेरीची पहिली नोंद पाण्याची असावी, कारण बाकीच्या बहुतेक नोंदींचे कारण तिच्यात सापडते. पाणी मोजायला पट्टी रंगवण्याची गरज नाही. घाटाच्या पायऱ्या असतील तर वरून किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजावे. पूल असेल तर खांबावरच्या दगडांचे थर मोजावे. काहीच नसेल तर पात्रातला न हलणारा एखादा मोठा खडक निवडून ‘खडक बुडाला’, ‘अर्धा उघडा’, ‘पूर्ण उघडा, भोवती वाळू’ अशा तीन-चार अवस्था ठरवाव्या. आमच्या घाटाला बावीस पायऱ्या मोजता येतात, आणि माझ्या वहीतला बराचसा इतिहास त्या बावीस पायऱ्यांवर चढतो-उतरतो.

पावसाळ्यात पायऱ्यांच्या शेजारी हतनूर धरणाचे त्या दिवशी किती दरवाजे उघडे होते तेही लिहावे. तापी आणि पूर्णा यांचा चांगदेव येथील संगम हतनूरच्या फुगवट्यात येतो, त्यामुळे दोन्ही नद्यांच्या वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस या एका धरणापाशी एकत्र होतो. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि त्यांतले किती उघडले याची बातमी पावसाळ्यात रोज मिळते. गावात थेंब नसताना घाटाच्या सहा पायऱ्या एका रात्रीत का बुडाल्या, हे कोडे ती बातमी सोडवते. दोन-तीन वर्षांत आपल्याला अंदाज येतो की दरवाजे उघडल्यानंतर पाणी आपल्या गावाला लागायला किती तास जातात. हा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा असतो आणि तो स्वतःच मोजावा लागतो.

पाण्याचा गढूळपणा शब्दांत सांगणे अवघड, म्हणून एक साधा प्रयोग करावा. काचेची सरळ उभी बाटली काठाच्या पाण्याने भरावी, घरी आणून रात्रभर न हलवता ठेवावी आणि सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा. पहिल्या पुराच्या पाण्यात हा थर डोळ्यांत भरेल एवढा असतो आणि त्याचा रंग वरच्या मातीचा असतो. हस्तापर्यंत तो कागदाएवढा पातळ होतो. पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींकडे मुद्दाम पाहावे. फांद्यांत अडकलेले वाळके गवत, कापडाच्या चिंध्या आणि प्लॅस्टिक ज्या उंचीवर लोंबते तीच त्या वर्षीची पुराची रेघ. १९६८ च्या ऑगस्टमधल्या महापुराची रेघ आजही जुनी माणसे हाताने दाखवतात. आपल्या वर्षाची रेघ आपण लिहून ठेवावी.

वही

पेन्सिलच वापरावी. जेल पेनची शाई ओल्या हाताने पुसते आणि आर्द्रातल्या एका सरीत महिन्याची पाने निळी होतात. हे मला दुसऱ्यांदा शिकावे लागू नये म्हणून आता खिशात पेन ठेवतच नाही. पानाच्या वर तारीख, निघण्याची आणि परतण्याची वेळ, आभाळ आणि वारा एवढे लिहावे. वाऱ्याची दिशा पाहायला खानदेशात साधन शोधावे लागत नाही: बोंडातला चिमूटभर कापूस सोडावा आणि तो कोणीकडे जातो ते पाहावे.

तारखेशेजारी पावसाचे नक्षत्र लिहिण्याची सवय चांगली. रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २६-२७ सप्टेंबरला आणि स्वाती २३-२४ ऑक्टोबरला. ही नक्षत्रे सूर्यावर बेतलेली असल्यामुळे त्यांच्या तारखा वर्षानुवर्षे जवळपास तिथेच राहतात. तिथीचे तसे नाही. ती दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी मारते. त्यामुळे ‘गेल्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहावा फुलला होता, यंदा आखाजी आली तरी नाही’ या वाक्यातून ऋतू लांबला असे ठरत नाही, केवळ पंचांग हलले एवढेच ठरते. गावात अशा तुलना रोज होतात आणि वही ठेवणाऱ्याने त्या तारखांत बदलून घ्याव्यात.

आता माझी सर्वांत महागात पडलेली चूक. पहिल्या वर्षी मी केवळ नवे ते लिहीत असे. भोरड्यांचा पहिला थवा आला त्या दिवशी अर्धे पान भरले. पुढे त्या रोजच दिसू लागल्या म्हणून लिहिणे सोडले, आणि एप्रिल सरताना लक्षात आले की थवे कुठेच नाहीत. त्या कोणत्या आठवड्यात गेल्या हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून दहा-बारा ठरावीक गोष्टींची यादी प्रत्येक पानावर आधीच लिहिलेली असते आणि दिसले नाही तर त्यापुढे शून्य टाकतो. शून्य ही रिकामी जागा नव्हे, ती नोंद आहे. पाखरू आल्याची तारीख कोणीही सांगतो, गेल्याची तारीख फक्त शून्ये सांगतात.

‘दिसले’ आणि ‘ऐकले’ हेही वेगळे लिहावे. पावशा आपल्याकडे बारमाही असतो, पण हिवाळ्यात तो गप्प राहतो आणि फाल्गुन-चैत्रापासून ‘पेरते व्हा’ सुरू करतो. म्हणून ‘पावशा आला’ ही नोंद चुकीची आणि ‘पावशा बोलू लागला’ ही बरोबर. चातकाचे मात्र उलट आहे. तो खरोखरच आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतो, त्यामुळे त्याच्यापुढे ‘आला’ लिहायला हरकत नाही.

वहीतले एक पान नमुन्यादाखल देतो: ‘१७ नोव्हेंबर, सकाळी ६.५० ते ८.०५. आभाळ स्वच्छ, वारा उत्तरेकडून, अगदी मंद. कोरड्या पायऱ्या १४. सातपुडा स्पष्ट, दऱ्या मोजता येतात. चक्रवाक ६, पलीकडच्या वाळूवर. धोबी ४. भोरड्या सुमारे १५०, दादरीच्या (रब्बी ज्वारीच्या) वावरावर. पळस पाने भरपूर, कळी शून्य. मळ्यातल्या केळीचा पोगा (शेंड्याचे नवे पान) गेल्या आठवड्याएवढाच गुंडाळलेला.’ यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नसते. त्यातले सातपुड्याचे वाक्य मात्र सोडू नये. वीस-पंचवीस किलोमीटरवरची ती डोंगररांग कधी निळी रेघ, कधी धूसर सावली आणि कधी मुळीच नाही अशी दिसते, आणि हवेतली धूळ, दमटपणा व धूर यांचे एवढे सोपे आणि फुकट मोजमाप दुसरे नाही.

वर्ष कुठून मोजावे

खानदेशात निसर्गाचे वर्ष रोहिणीपासून धरावे असे माझे मत आहे, कारण त्या दिवसांत जमीन जवळजवळ कोरी असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. त्या दिवशी साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांनी सरळ उभ्या रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. अंगणात काठी रोवून तीन-चार दिवस लागोपाठ पाहिले तर आपल्या गावाची नेमकी तारीख सापडते. जुलैच्या मध्यावर सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, परंतु तेव्हा तो ढगाआड असण्याचीच शक्यता जास्त.

याच दिवसांत काळ्या मातीच्या भेगा मोजाव्यात. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे मेअखेर वावरात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. एका ठरलेल्या जागी तुरीची काडी भेगेत सोडून ती किती खोल जाते ते पाहावे आणि पाऊस सुरू झाल्यावर दर फेरीला तीच भेग तपासावी. पहिल्या सरीने वरचे तोंड मिटते, पण काडी अजून आत जाते. ती जायची थांबली की माती खालपर्यंत भिजली असे समजावे. पेरणीची घाई करणारा आणि थांबणारा यांच्यातला वाद मी या काडीवर सुटताना पाहिला आहे.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोन-चार दिवस बांधावर वाकून चालावे. लाल मखमलीच्या ठिपक्यासारखा मृगाचा किडा तेव्हाच बाहेर येतो आणि लवकरच दिसेनासा होतो. त्याला किडा म्हणतात खरे, पण पाय मोजले तर ते आठ भरतात. तो कोळ्यांच्या गोत्रातला आहे. तो प्रथम दिसल्याची आणि शेवटचा दिसल्याची तारीख लिहावी, त्याला डबीत भरू नये. याच सुमारास चातकाचा आवाज येऊ लागतो, गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर बदामी रंग चढलेला असतो आणि सुगरणीचे नर पाण्यावर झुकलेल्या बाभळीला लोंबते घरटे विणू लागतात. घरटी बहुधा झाडाच्या पावसाळी वाऱ्याला पाठ असलेल्या बाजूला असतात, म्हणजे आपल्याकडे पूर्वेच्या अंगाला. आपल्या झाडावर खरोखर तसे आहे का ते मोजून पाहावे. अर्धी सोडलेली घरटी वेगळी मोजावी, कारण नर अर्धे घरटे विणून मादीची पसंती मिळेपर्यंत थांबतो आणि तिने नाकारलेली घरटी तशीच लोंबत राहतात.

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव असतो आणि त्या दिवशी अर्धे गाव घाटावर येते. पायऱ्यांची नोंद करायला तो दिवस चांगला, कारण मागच्या वर्षी पाणी कुठे होते हे सांगणारे दहा जण शेजारी उभे असतात. श्रावण-भाद्रपदात फेरी आखूड करावी. काठाजवळ जाता येत नाही, गवत गुडघ्याच्या वर असते, आणि पाहण्यासारखे बरेचसे बांधावरच असते: तरोटा, कुर्डू, रुईच्या पानांवरचे पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचे टोळ आणि त्याच रुईवर अंडी घालणारी केशरी फुलपाखरे.

हस्त सरला की ओहोटी लागते आणि वहीचा खरा हंगाम सुरू होतो. उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर आधी तुतवार आणि धोबी येतात. लडाख-तिबेटकडून येणारे चक्रवाक ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून जोडीजोडीने दिसू लागतात. ते लाजरे असतात, आपण दिसण्याआधी त्यांचा आवाज येतो आणि तो सुरू झाला की जागच्या जागी थांबावे. ज्यांना एखादा दिवस हतनूरच्या जलाशयावर जाता येईल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावे, कारण हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि बदकांचे मोठे थवे गावच्या घाटावर क्वचितच उतरतात. सालिम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना धरून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात पाळला जातो, आणि दरवर्षी त्याच आठवड्यात केलेली एक पूर्ण मोजणी तुलनेला फार उपयोगी पडते.

मोठा थवा मोजण्याची रीत सोपी आहे. आधी दहा पाखरे नेमकी मोजावी, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरावे आणि तसे किती तुकडे थव्यात बसतात ते पाहावे. दादरीच्या कणसांवर उतरलेल्या भोरड्या मोजायला दुसरा इलाज नाही. या पाखरांवर शेतकऱ्याचा राग असतो आणि तो रास्तही आहे, कारण हुरड्यात आलेले वावर त्या सकाळच्या दोन तासांत हलके करतात. परंतु तीच पाखरे उन्हाळ्यात मध्य आशियात पिले वाढवताना टोळांवर जगतात, आणि फाल्गुनात जाण्याआधी पळसाच्या फुलांवर बसून चेहरे परागाने पिवळे करून घेतात.

थंडीचा कडाका मोजायला तापमापक नसेल तर केळीचा पोगा पाहावा. एका झाडाला दोरा बांधून ठेवावा आणि नवे पान पूर्ण उलगडल्याची तारीख लिहीत जावी. ऊबदार दिवसांत आठवड्या-दीड आठवड्याने पान सुटते. उत्तरेचा वारा सुरू झाला की तोच पोगा सुरळी करून उभा राहतो. दोन पानांमधले दिवस हाच थंडीचा आकडा. पावसाच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग आणि पाऊस सरताना लावलेली कांदेबाग यांची वाढ वेगळ्या टप्प्यावर असते, म्हणून झाड कोणत्या लागवडीचे आहे हेही लिहावे.

माघापासून वैशाखापर्यंत पात्र आणखी उघडे होते. गाळपेराची पिके निघतात, वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लागतात, मऊ दरडीत वेडे राघू बिळे कोरतात आणि पाण्याने वेढलेल्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. मार्च ते मे या महिन्यांत पाखरे डोक्यावरून झेपावत ओरडू लागली तर आपण घरट्याजवळ आलो आहोत असे समजून आल्या पावली परतावे. पाखरू उठून गेले की तापलेल्या वाळूवरच्या अंड्यांना सावली उरत नाही. एका एप्रिलमध्ये मी घळीच्या तोंडाशी बाभळीखाली बसलो होतो. समोर साठ-सत्तर पावलांवर टिटवीने गोट्यांमध्येच चार अंडी घातली होती, आणि दृष्टी जराशी हलली की ती पुन्हा सापडत नसत. दहाच्या सुमारास ती उठली, चालत धारेपर्यंत गेली, पोट पाण्यात टेकवून बसली, आणि ओल्या पिसांनिशी परतून अंड्यांवर उकिडवी झाली. तासाभरात तिने ही फेरी तीन वेळा केली. त्या दिवशीच्या पानावर बाकी काहीच लिहिलेले नाही.

टिटवीचा विषय निघाला म्हणून तिच्याभोवतीच्या समजुतीबद्दल सांगतो. तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त आणि खोलगट जागी घातली तर कमी असे गावोगावी मानतात. बहावा फुलल्यानंतर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो असेही म्हणतात. अशा समजुतींना हसू नये आणि मानही डोलावू नये, त्या तपासाव्यात. अंडी घाटाच्या कोणत्या पायरीच्या पातळीला होती, बहाव्याचा पहिला घोस कधी दिसला आणि पहिला पेरणीचा पाऊस कधी पडला, हे सहा-सात वर्षे लिहिल्यावर जे निघेल ते निघेल. माझ्या वहीत बहाव्याचे दोनदा जुळले आणि तीनदा चुकले, आणि मळ्यातल्या बहाव्याला पाणी मिळते म्हणून तो ग्राह्य धरू नये असा आक्षेपही आला, जो मला पटला.

पाच झाडे

पाखरे उडून जातात, झाडे जागेवर राहतात. नवख्याने खरे तर झाडांपासूनच सुरुवात करावी. वाटेवरची पाच झाडे निवडावीत आणि दर आठवड्याला त्याच पाच झाडांची कोवळी पाने, जून पाने, कळ्या, फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे यांपुढे ‘शून्य’, ‘थोडे’ किंवा ‘भरपूर’ एवढेच लिहावे. देशभर झाडांच्या अशा नोंदी गोळा करणाऱ्या ‘सीझनवॉच’ उपक्रमाची पद्धत हीच आहे, त्यामुळे आपली वही तिथेही उपयोगी पडते. निंब, पळस, बाभूळ, चिंच आणि उंबर ही माझी निवड. निंब पाडव्याच्या आसपास पालवतो-मोहरतो आणि पावसाच्या तोंडाशी निंबोळ्या टाकतो. पळस पाने झाडूनच फुलतो. उंबर मात्र कोणतेच वेळापत्रक पाळत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर कोण कधी जेवते हे पाहण्यासारखे असते. एकाच जातीची दोन झाडे जवळजवळ असतील तर दोन्ही लिहावीत. आमच्या वाटेवरचे दोन पळस वीस पावलांवर उभे आहेत आणि त्यांतला एक दरवर्षी आठवडाभर आधी फुलतो.

जपून

पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची दवंडी किंवा संदेश आला असेल तर पात्रात पाऊल ठेवू नये, मग पाणी कितीही शांत दिसो. पूर ओसरल्यावर गाळाच्या वरच्या सुकलेल्या पापुद्र्यावर विश्वास ठेवू नये. काठी रोवून पाहावी, कारण खाली मांडीएवढा चिखल असतो. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यांच्या कडा ढासळतात, म्हणून अनोळखी जागी उतरून पाणी ओलांडू नये. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे ही चारही विषारी जनावरे आपल्याकडे आहेत, तेव्हा बूट घालावेत, गवतात काठी आपटत चालावे आणि दगडाखाली हात घालू नये. रानडुकरांसाठी काही जण बांधावरच्या तारेत वीज सोडतात. भल्या पहाटे दुसऱ्याच्या वावरात शिरण्याआधी विचारणे हे सभ्यतेपेक्षाही जिवासाठी महत्त्वाचे आहे. केळीच्या बागेत बिबट्याचा वावर असल्याची चर्चा असेल तर त्या आठवड्यात बागेचा थांबा गाळावा आणि वहीत तसे लिहावे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, म्हणून साडेआठच्या आत घरी परतावे.

विचारणे

काठावर मेंढ्या चारणारे, जाळे टाकणारे आणि वाडी राखणारे यांच्याइतके नदी पाहणारे दुसरे कोणी नाही. पण ‘तुम्ही कोणते पक्षी पाहिले’ असे विचारले तर कोणीच बोलत नाही. आपण शांतपणे पाहत उभे राहिलो की ‘काय देखी ऱ्हायना रे भाऊ?’ असा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. आबा, नाना, अक्का जी नावे सांगतील ती जशीच्या तशी लिहून घ्यावी; एकाच पाखराला तीन गावांत तीन नावे असतात आणि पुस्तकी नाव नंतर शेजारी लिहिता येते. सांगीव माहितीपुढे ‘ऐकीव’ असा शेरा मात्र न विसरता मारावा.

वर्ष पूर्ण झाल्यावर वहीतून एकाच पानाची यादी काढावी: कोणती गोष्ट प्रथम केव्हा दिसली, शेवटची केव्हा, आणि पाण्याची सर्वांत वरची व सर्वांत खालची पायरी कोणती. दुसऱ्या वर्षीच्या तारखा त्याच पानावर पुढच्या रकान्यात लिहाव्या. पाखरांच्या याद्या ‘ईबर्ड’वर आणि फोटोसह इतर नोंदी ‘आयनॅचरलिस्ट’वर टाकता येतात, मूळ वही मात्र पत्र्याच्या डब्यात ठेवावी, कारण आमच्याकडे वाळवी मोबाइलपेक्षा लवकर पोहोचते.

त्या यादीची एक प्रत गावात सर्वांना दिसेल अशी लावावी. मी गेल्या वर्षी ती पारावरच्या फळ्यावर लावली होती. पावशापुढे मी २४ मार्च लिहिले होते. दोन दिवसांनी पाहतो तर कोणीतरी बॉलपेनने २४ खोडून १९ केले होते आणि शेजारी लहान अक्षरांत ‘आमच्या मळ्यात’ असे लिहून ठेवले होते. वहीत आता दोन्ही तारखा आहेत, आणि १९ पुढे ‘ऐकीव’ असा शेरा आहे.